कल्याणच्या सुनेचें नांव

एखादी लहानशी लबाडी माणसाच्या हातून सहज घडते, आणि पुढें तीच त्याला मोठा धडा शिकविते. ऐतिहासिक कादंबऱ्यांविषयीं चार शब्द लिहावे असें आमच्या मनांत पुष्कळ दिवस होतें. परंतु ज्या लबाडीमुळें आज लेखणी हातीं घेणें भाग पडलें, ती आमची स्वतःचीच आहे. तेव्हां प्रथम तिची कबुली देतों आणि मग विषयाकडे वळतों.

आमचें मूळ घर कल्याणचें. आज कुटुंबाच्या तीन चुली झाल्या आहेत. आम्ही कल्याणास, मधले बंधु डोंबिवलीस आणि आमचा धाकटा मुलगा ठाण्यास. सणावारीं व सुटींत मात्र सगळीं माणसें जुन्या घरीं जमतात, आणि जमलीं म्हणजे दुपारच्या वेळीं मोठ्यानें पुस्तक वाचण्याची घरची चाल अजून मोडलेली नाहीं. आमच्या वडील भगिनी, ज्यांना सगळें घर आक्का म्हणतें, त्या वाती वळीत बसतात, सुना भाजी निवडतात, मुलें लोळत असतात, आणि कोणी तरी वाचीत असतें. हरिभाऊ आपटे, नाथमाधव, हडप, पुढें रणजित देसाई, ना. सं. इनामदार, शिवाजी सावंत हे सगळे लेखक या माजघरांत पाहुणे म्हणून येऊन गेले. शिवकाल आणि पेशवाई आम्ही शाळेंत जितकी शिकलों, त्याहून किती तरी अधिक या माजघरांत शिकलों, असें म्हटलें तर तें खोटें होणार नाहीं. आणि तेथेंच आमच्या लबाडीचें मूळ आहे.

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. आमची नात तेव्हां पांचवींत होती. शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेसाठीं तिनें ‘कल्याणच्या सुभेदाराची सून’ हा विषय निवडला. विषय तर आमच्याच गांवचा! आम्हीं मोठ्या हौसेनें तिला भाषण लिहून दिलें. आबाजी सोनदेवांनीं कल्याण काबीज केलें, सुभेदार मुल्ला अहमद याची देखणी सून त्यांच्या हातीं लागली, तिला त्यांनीं महाराजांपुढें आणलें, आणि महाराजांनीं तिला मातेसमान मानून वस्त्रालंकार देऊन सन्मानानें परत पाठविलें. असा तो सर्वांच्या ओळखीचा प्रसंग. नात भाषण पाठ करीत होती. मध्येंच थांबून तिनें विचारलें, “आजोबा, पण तिचें नांव काय होतें?”

साठ वर्षें आम्ही ही गोष्ट ऐकत आणि सांगत आलों. परंतु हा प्रश्न आम्हांला कधीं सुचला नव्हता. नातीपुढें अडाणी ठरणें जिवावर आलें. क्षणभरहि न थांबतां आम्हीं सांगून टाकलें, “जुलेखा.” कोठून सुचलें देव जाणे. तिनें तें वहींत लिहून घेतलें, भाषणांत घातलें, आणि तिला दुसरें बक्षीस मिळालें. खरा प्रकार पुढच्या वर्षीं घडला. त्याच स्पर्धेंत दुसऱ्या एका मुलीनें तोच प्रसंग सांगितला, आणि तिच्या भाषणांतहि सुभेदाराची सून जुलेखाच होती. आम्ही श्रोत्यांत बसलों होतों. आमची थाप एका वर्षांत इतिहास होऊन आमच्याच कानीं परत आली होती.

त्या रात्रीं आम्हांला झोंप लागली नाहीं. दुसऱ्या दिवसापासून या सुनेचा शोध करण्याचें मनावर घेतलें. आमच्या या भागाला ग्रंथांची वाण नाहीं. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचें. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें, आणि तें उभें करणाऱ्यांत ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे हे प्रमुख होते. पेन्शनर माणसाला वेळहि मुबलक असतो. आगगाडीचा पास काढून आम्ही चार महिने बखरी, चरित्रें आणि संशोधकांचे निबंध चाळीत बसलों.

काय आढळलें? १६५७ च्या ऑक्टोबरांत कल्याण-भिवंडीचा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीकडून शिवाजीमहाराजांच्या ताब्यांत आला, हें निर्विवाद आहे. पुढें याच खाडींत त्यांनीं आरमाराचा पाया घातला, हेंहि निर्विवाद आहे; खाडीकांठचा दुर्गाडी किल्ला आम्ही लहानपणापासून पाहत आलों. सुनेच्या प्रसंगाला मात्र त्या काळच्या अस्सल कागदांत आधार सांपडत नाहीं. तो मागाहूनच्या लेखनांतून आणि कथा-कवितांतून वाढत आला, असें अनेक संशोधकांचें मत आहे. सुनेचें रूप पाहून महाराजांनीं आपल्या मातेविषयीं काढलेले जे उद्गार आपण सगळे मोठ्या प्रेमानें सांगतों, तेहि उत्तरकालींच्या कवीकथाकारांचे. नांवाचा तर प्रश्नच उरला नाहीं. जिच्याविषयीं समकालीन कागद नाहीं, तिचें नांव कोठून मिळावें?

हें वाचून आमचें मन खट्टू झालें. परंतु शोध करणाऱ्यानें अर्ध्या वाटेवर थांबूं नये. आणखी थोडें वाचल्यावर खाफीखान भेटला. हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार. महाराजांविषयीं बोलतांना याची लेखणी कडवट होते. असा माणूसहि नमूद करून ठेवतो, कीं मुलूख लुटतांना मशिदींना, कुराणाला आणि कोणाच्याहि बायकांना उपद्रव द्यावयाचा नाहीं, असा शिवाजीचा नियम होता. शत्रूनें दिलेली ही साक्ष आहे; ती भाटाच्या दहा कवनांहून मोलाची. म्हणजे प्रसंगाला कागद नाहीं, पण स्वभावाला साक्ष आहे. कल्याणची सून प्रत्यक्ष महाराजांपुढें आली होती कीं नाहीं हें आपल्याला ठाऊक नाहीं. परंतु आली असती तर ती सन्मानानेंच परत गेली असती, असें मानावयास भक्कम आधार आहे.

ऐतिहासिक कादंबरीचें सगळें मर्म या एका भेदांत आहे असें आम्हांला आतां वाटतें. काय झालें तें इतिहास सांगतो. काय होऊं शकलें असतें तें कादंबरी सांगते. दुसरें काम कमी प्रतीचें आहे असें मुळींच नाहीं. मात्र तें पहिल्याच्या नांवावर खपवितां कामा नये. कादंबरीकारानें सुनेला जुलेखा म्हटलें असतें तर त्यांत दोष नव्हता, कारण पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘कादंबरी’ हा शब्द छापलेला असतो आणि तोच वाचकाशीं झालेला करार होय. आम्हीं तो करार न करतां एका लहान मुलीला तें नांव दिलें, हा आमचा गुन्हा.

आतां हा करार आपल्याकडे केव्हां आणि कसा झाला, तें पाहूं. स्कॉटची ‘वेव्हर्ली’ ही कादंबरी १८१४ सालीं प्रसिद्ध झाली आणि सगळ्या युरोपांत ऐतिहासिक कादंबरीचें वेड पसरलें. आमच्याकडे आरंभींच्या कादंबऱ्या, म्हणजे हळब्यांची ‘मुक्तामाला’ किंवा रिसबुडांची ‘मंजुघोषा’, या अद्भुत आणि शृंगार यांच्या मिश्रणाच्या होत्या. राजपुत्र, राजकन्या, ताटातूट, संकटें आणि शेवटीं मीलन, असा त्यांचा ठराविक मार्ग. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची ‘मोचनगड’ १८७१ पासून ‘विविधज्ञानविस्तारां’त येऊं लागली आणि मराठी ऐतिहासिक कादंबरीचा जन्म झाला. पुढें हरिभाऊंनीं १८९० सालीं ‘करमणूक’ पत्र सुरू केलें, आणि आठवड्याआठवड्याला घरोघर कादंबरीची वाट पाहण्याची संवय लागली.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. ऐतिहासिक कादंबरी आली ती प्रेमकथेच्या घरांत सून म्हणून आली. सासरचे रीतिरिवाज तिला पाळावेच लागले. गड, तोफा आणि तलवारी या इतिहासाच्या असल्या, तरी मधला जिव्हाळा जुन्या प्रेमकथेचाच राहिला. हरिभाऊंच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरींत तानाजी आहेच. परंतु उदयभानूच्या तावडींत सांपडलेली कमलकुमारी नसती, तर तें पुस्तक आमच्या माजघरांत इतक्या वेळां वाचलें गेलें असतें काय? आक्कांना तानाजीचा दोर कितीसा आठवतो तें सांगवत नाहीं. कमलकुमारीची दशा मात्र त्या आजहि डोळ्यांत पाणी आणून सांगतात.

याच कादंबरीमुळें आपल्यापैकीं बहुतेकांची अशी समजूत झाली आहे, कीं १६७० सालीं तानाजी पडला तेव्हां महाराजांच्या तोंडून ते उद्गार निघाले आणि कोंडाण्याचें नांव सिंहगड पडलें. वास्तविक महाराजांच्या १६६३ सालच्या पत्रांत, म्हणजे तानाजीच्या मृत्यूच्या सात वर्षें आधीं, या किल्ल्याला सिंहगडच म्हटलेलें आहे. हें कळल्यावर हरिभाऊंवर रागावण्याचें कारण नाहीं. त्यांनीं कादंबरी लिहिली. आपण ती इतिहास म्हणून वाचली, हा दोष आपला. कागदाच्या एका एका चिटोऱ्यासाठीं जन्मभर वणवण करणाऱ्या राजवाड्यांनाहि कादंबरीचें वावडें नव्हतें. १९०२ सालीं त्यांनीं या वाङ्मयप्रकारावर निबंधच लिहिला. दोन्ही गोष्टींवर प्रेम करतां येतें. मात्र कोणती कोठें ठेवावयाची, एवढें कळलें पाहिजे.

कोणी म्हणेल, कीं नुसता इतिहास रुक्ष असतो, म्हणून कल्पनेचा मसाला घालावा लागतो. असें म्हणणारांनीं ठाण्याच्या किल्ल्याची हकीकत एकदां वाचावी. आज जेथें मध्यवर्ती कारागृह आहे, तोच हा किल्ला. पंढरपुरास १८१५ च्या जुलैंत गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. त्याचा ठपका बाजीरावाचा विश्वासू त्रिंबकजी डेंगळे याच्यावर आला आणि इंग्रजांनीं त्याला ठाण्याच्या किल्ल्यांत कैदेंत ठेवलें. पहारा सगळा गोऱ्या शिपायांचा. कां, तर देशी शिपाई फितूर होतील. किल्ल्यांतल्या एका इंग्रज अंमलदाराकडे एक मराठा मोतद्दार नोकरीस राहिला. तो रोज त्रिंबकजीच्या खिडकीखालीं घोड्याला खरारा करी आणि करतां करतां गाणें म्हणे. गोऱ्या पहारेकऱ्यांना वाटे, गडी आपल्या नादांत गातो आहे. त्या गाण्यांत मात्र सुटकेचा सगळा बेत सांगितलेला होता. १८१६ च्या सप्टेंबरांत, १२ तारखेच्या रात्रीं, ऐन पावसांत त्रिंबकजी निसटला. बिशप हेबर या इंग्रज धर्मगुरूनें पुढें त्या गाण्याचा मतलब इंग्रजी पद्यांत उतरवून ठेवला, आणि चुनारच्या किल्ल्यांत पुन्हां कैद झालेल्या त्रिंबकजीची भेटहि घेतली.

‘वेव्हर्ली’ छापून निघाल्याला तेव्हां पुरीं दोन-अडीच वर्षेंहि झालीं नव्हतीं. स्कॉटच्या प्रतिभेला शोभावा असा प्रसंग ठाण्यांत प्रत्यक्ष घडला! तेव्हां मसाला नसल्यामुळें इतिहास बेचव होतो हें खरें नव्हे. इतिहासांत उणीव असते ती निराळीच. आमच्या नातीची खोड आतां आम्हांलाहि लागली होती. म्हणून ही हकीकत वाचून होतांच मनांत आलें, कीं त्या मोतद्दाराचें नांव काय? त्रिंबकजीचें नांव सर्वत्र आहे, हेबरचें आहे, एल्फिन्स्टनचें आहे. ज्यानें जिवावर उदार होऊन गाणें म्हटलें, तो ‘एक मोतद्दार’ म्हणूनच राहिला. ज्यांच्या नांवावर सनदा झाल्या, लढाया झाल्या, त्यांना इतिहासानें नांवें दिलीं. खरारा करणारे आणि पालखींतून पाठविल्या जाणाऱ्या यांची वाट काय? त्यांच्यासाठींच कादंबरी हवी. कागदानें ज्यांना बोलूं दिलें नाहीं, त्यांना बोलतें करणें हेंच ऐतिहासिक कादंबरीकाराचें खरें काम, आणि त्या कामाला आमचें माजघर सदैव ऋणी राहील.

परंतु बोलतें करण्याचा हा अधिकार मोठा जोखमीचा आहे. नांव नसणें वाईट. पण नांव काळें होणें त्याहून वाईट. पेशवाईंतल्या आनंदीबाईंचेंच उदाहरण घ्या. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणरावांचा खून झाला. रामशास्त्र्यांनीं दोष दिला तो राघोबादादांना. पुढें हेच दादासाहेब इंग्रजांच्या आश्रयास गेले, आणि त्याच धामधुमींत १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं आमचा ठाण्याचा किल्ला घेतला. हें सगळें कागदोपत्रीं आहे. परंतु सर्वांच्या तोंडीं काय आहे? ‘ध चा मा.’ ‘धरावें’चें ‘मारावें’ करणारी बाईच! त्या खाडाखोडीचा अस्सल कागद उपलब्ध नाहीं. तरीहि नाटकांनीं, कादंबऱ्यांनीं आणि आमच्यासारख्यांच्या माजघरांनीं ती गोष्ट इतकी घट्ट धरून ठेवली, कीं आज एखाद्या घरांत भाऊबंदकी झाली तर पुरुषांच्या हांवेकडे न पाहतां सगळे प्रथम आंतल्या बायकांकडे बोट दाखवितात. आनंदीबाई निर्दोष होत्या असा दावा आम्ही करीत नाहीं. पुराव्यावांचून फांशीं देऊं नये एवढेंच म्हणतों. मेलेल्या माणसाला उलट उत्तर देतां येत नाहीं, म्हणून त्याच्यावर आळ घेतांना जिवंतापेक्षां अधिक जपलें पाहिजे.

आतां तिसरी एक स्त्री, आणि तीहि कल्याणचीच. ३१ मार्च १८६५ रोजीं कल्याणच्या जोशी घराण्यांत यमुना नांवाची मुलगी जन्मली. नवव्या वर्षीं पोस्टांत नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशीं तिचें लग्न झालें आणि ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षीं मूल झालें, तें दहा दिवसांत गेलें. १८८३ च्या एप्रिलांत कलकत्त्याहून ती अमेरिकेस निघाली; ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी तिनें मिळविली, आणि पुढल्या वर्षीं २६ फेब्रुवारीस, बावीस वर्षेंहि पुरीं झालीं नसतांना, पुण्यास क्षयानें वारली. श्री. ज. जोशी यांनीं १९६८ सालीं ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी लिहिली. तिचें नाटक झालें, २०१९ सालीं याच नांवाचा चित्रपटहि आला. आमच्या घरीं ही कादंबरी वाचली जात होती तेव्हां रोज वादळ होई. गोपाळराव थोर कीं क्रूर? आमचे बंधु म्हणत, त्या माणसावांचून आनंदीबाई डॉक्टर झाल्याच नसत्या. आमच्या सूनबाई म्हणत, शिकविण्यासाठीं लहान मुलीला मारावें लागतें काय?

हा वाद कादंबरीनें घातला, म्हणून तिचे उपकार. परंतु तो वाद मिटविण्यासाठीं आम्हांला कादंबरीच्या बाहेर जावें लागलें, आणि सुदैवानें येथें बाहेर जाण्यास वाट होती. काशीबाई कानिटकरांनीं १८८९ सालींच आनंदीबाईंचें चरित्र लिहिलें. आणि मुख्य म्हणजे आनंदीबाईंचीं स्वतःचीं पत्रें आहेत. अमेरिकेहून पतीला लिहिलेल्या पत्रांत ही तरुण स्त्री लहानपणीं सोसलेल्या माराची आठवण त्याला स्पष्ट शब्दांत करून देते, आणि त्याचे उपकारहि विसरत नाहीं. थोर कीं क्रूर, असा आमचा प्रश्नच तिच्या पत्रापुढें पोरकट वाटूं लागला. तिनें दोन्ही गोष्टी एकाच हातानें लिहिल्या आहेत. तें पत्र सूनबाईंनीं मोठ्यानें वाचून दाखविलें, तेव्हां बंधु कांहीं बोलले नाहींत, आणि त्याहि जिंकल्याच्या थाटांत हंसल्या नाहींत. कादंबरीनें आम्हांला दारापर्यंत आणून सोडलें होतें. आंत नेलें तें त्या बाईच्या स्वतःच्या अक्षरानें.

कल्याणच्या एका सुनेचें नांवहि उरलें नाहीं, आणि सव्वादोनशें वर्षांनंतरच्या कल्याणच्या मुलीचीं पत्रें आपण वाचूं शकतों. या दोहोंतलें अंतर काय आहे? एकीच्या हातीं लेखणी नव्हती, दुसरीच्या हातीं ती आली. घरांतल्या मुलींना शिकविण्याविषयीं आजवर पुष्कळ व्याख्यानें ऐकलीं. परंतु इतकें साधें कारण आम्हांला दुसऱ्या कोणीं सांगितलें नव्हतें.

मग कादंबऱ्या वाचाव्या कीं नाहीं? अवश्य वाचाव्या. ‘स्वामी’ वाचतांना ज्याला थेऊरच्या गणपतीपुढें आपण उभे आहों असें वाटलें नाहीं, त्याच्याविषयीं आम्हांला वाईट वाटतें. हल्लींचीं मुलें ‘राऊ’ आणि ‘छावा’ या कादंबऱ्यांचीं नांवें पुष्कळदां त्यांवरून निघालेल्या चित्रपटांमुळें ऐकतात, म्हणून नाक मुरडण्याचेंहि कारण नाहीं. चित्रपट पाहून मूल पुस्तक मागूं लागलें तर तें द्यावें. आणि पुस्तक वाचून प्रश्न विचारूं लागलें तर त्याहून उत्तम. मात्र चित्रपट हा कादंबरीवर उभा, कादंबरी इतिहासावर उभी, आणि इतिहास कागदावर उभा, ही उतरंड मुलांना दाखविली पाहिजे. वरचें मडकें पाहून खालच्याचा रंग ठरवूं नये.

आमच्या घरीं आतां एक लहानशी रीत पाडली आहे, ती वाचकांना सुचवावीशी वाटते. कोणतीहि ऐतिहासिक कादंबरी वाचावयास घेतली, कीं प्रस्तावना प्रथम वाचावयाची. प्रामाणिक लेखक काय खरें आणि काय कल्पिलेलें हें पुष्कळदां तेथेंच सांगतो. पुस्तकाजवळ एक वही ठेवावयाची आणि मुलांना जो प्रश्न पडेल तो तींत लिहावयाचा. पुस्तक संपलें म्हणजे वाचनालयांत जाऊन त्यांतल्या निदान दोन प्रश्नांचीं उत्तरें चरित्रांत किंवा इतिहासांत शोधावयाचीं. उत्तर सांपडलें तर तें लिहावयाचें, आणि न सांपडलें तर ‘ठाऊक नाहीं’ असें स्वच्छ अक्षरांत लिहावयाचें. हें शेवटचें वाक्य लिहिणें घरांतल्या वडील माणसांना सर्वांत जड जातें, असा आमचा अनुभव आहे.

राहतां राहिली आमची लबाडी. गेल्या दिवाळींत नातीला जवळ बसवून सगळें सांगितलें. तिचा चेहरा एकदम उतरला. “म्हणजे आजोबा, मी सगळ्यांपुढें खोटें बोललें?” या प्रश्नाला उत्तर नव्हतें. चूक आमची, आणि मान तिची खालीं गेली. दुसऱ्या दिवशीं आम्हीं शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना पत्र लिहिलें, तें स्वतः नेऊन दिलें, आणि त्या मुलीच्या घरींहि जाऊन आलों. पासष्टी उलटलेल्या माणसाला दहा वर्षांच्या परक्या मुलीपुढें “आमचें चुकलें” म्हणतांना काय वाटतें, तें ज्यानें म्हटलें असेल त्यालाच कळेल. मुलगी समंजस होती. तिनें फक्त विचारलें, “मग तिला काय म्हणायचें?”

नातीनें आपलें भाषण पुन्हां लिहिलें आहे. या वेळीं आम्हीं एक शब्दहि सांगितला नाहीं. त्याची सुरुवात ती अशी करते, कीं ही गोष्ट खरी घडली कीं नाहीं हें नक्की सांगतां येत नाहीं, आणि जिची ही गोष्ट आहे तिचें नांव कोणीं लिहून ठेवलेलें नाहीं. एवढें सांगून मग ती महाराजांकडे वळते, आणि खाफीखानाची साक्ष काढते. असल्या सुरुवातीला बक्षीस मिळेलसें आम्हांला वाटत नाहीं. तिलाहि वाटत नाहीं. पण ती बदलावयास तयार नाहीं.

माजघरांत तिनें तें भाषण म्हणून दाखविलें तेव्हां आक्का वाती वळीत होत्या. भाषण संपल्यावर कांहीं वेळ त्या गप्प राहिल्या. मग आमच्याकडे पाहून म्हणाल्या, “अरे, नांव होतेंच कीं तिला. आईनें हांक मारलीच असेल. आपणच कधीं विचारलें नाहीं.” आणि त्यांनीं नातीला पुढचें पुस्तक उघडावयास सांगितलें.